उन्हात तळं तापलं की जंतू मरतात की वाढतात?

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. त्यांच्या गावाला पाझर तलाव आहे, तलावाच्या खालच्या अंगाला त्याच पाझरावर भरणारी विहीर आहे आणि उनपदेवाचा गरम झराही फार लांब नाही. सर विचारतात, "मे महिन्यात दुपारी तळ्याचं पाणी हाताला कोमट लागतं. गावातली जुनी मंडळी म्हणतात, एवढ्या उन्हात जंतू मरतात, पाणी आपोआप शुद्ध होतं. आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणतात, गरम पाण्यात जंतू फोफावतात. कुणाचं धरायचं? आणि उनपदेवाचं पाणी तर बारमाही गरम, ते प्यायला चालेल का?"

सर, दोघांचंही बरोबर आहे, पण दोघं वेगवेगळ्या जंतूंबद्दल बोलताहेत. पाण्याची तपासणी करणारे आम्ही लोक जंतूंचे ढोबळ दोन गट धरतो. एक तळ्याचे कायमचे रहिवासी. पालापाचोळा, मेलेलं शेवाळ, गाळातलं कुजकं यावर ते जगतात. दुसरे पाहुणे, म्हणजे माणसाच्या आणि ढोरांच्या पोटातून आलेले. ई-कोलाय, हगवणीचे जंतू, टायफॉइडचे जंतू हे सगळे या दुसऱ्या गटातले. पाणी तापलं की रहिवासी वाढतात; खायला असेल तर दर दहा अंशांमागे त्यांचा वाढीचा वेग साधारण दुपटीने चढतो. पाहुण्यांचं उलट. त्यांना ३७ अंशांची ऊब चालते, आवडतेसुद्धा, पण पोटात त्यांना ऊबेबरोबर भरपूर खाणंही मिळत होतं. तळ्यात ते उपाशी पडतात. पाणी जितकं गरम तितकी त्यांची अंगातली शिल्लक लवकर संपते, आणि त्यांना खाणारे पाण्यातले बारीक जीवही उन्हाळ्यात जास्त चपळ असतात.

या मरण्याच्या वेगाचं एक रूढ गणित आहे. गोड्या पाण्यात, ऊन बाजूला ठेवून, २० अंशांना पोटातले जंतू दिवसाला ०.८ या दराने घटतात, आणि हा दर क्षणोक्षणी उरलेल्यांवरच लागतो. म्हणजे चोवीस तासांनी शंभरातले पंचेचाळीस उरतात. पुढे प्रत्येक अंशाला हा दर ७ टक्क्यांनी वाढतो, आणि चक्रवाढीमुळे दहा अंशांत जवळपास दुप्पट होतो. तुमच्या तळ्याला लावून बघा. जानेवारीत पाणी १८ अंश धरलं तर शंभरातले नव्वद मरायला साधारण ३.३ दिवस लागतील. मे महिन्यात ३२ अंश धरलं तर १.३ दिवस. (हवा ४५ अंशांवर गेली तरी तळ्याचं पाणी ४५ होत नाही, बाष्पीभवन त्याला थंड ठेवतं. उथळ काठाला दुपारी पस्तिशीच्या आसपास, आत त्याहून कमी.)

म्हणजे जुनी मंडळी जिंकली? जरा थांबा. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत ई-कोलाय कोटीच्या घरात असतात. एक कोटीचे दहा लाख व्हायला १.३ दिवस, दहा लाखाचे एक लाख व्हायला आणखी १.३. असं सातदा झालं की एक उरतो. मे महिन्यातही याला नऊ दिवस लागतात, आणि तेही मधल्या काळात नवी घाण आली नाही तर. तुमच्या तळ्यावर रोज सकाळी ढोरं पाण्यावर येतात, काठाला कपडे धुतले जातात, पलीकडे कोणी टमरेल घेऊन जातं. त्या नऊ दिवसांची मोजणी रोज पहिल्यापासून सुरू होते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, तर १०० मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय नको म्हणतं. तापमान मरण्याचा वेग वाढवतं एवढंच. तळ्यात घाण येण्याचा वेग त्याच्या हातात नाही.

त्यातही मे महिन्यात एक वेगळीच अडचण असते. पाणी आटून तळ्याचं डबकं होतं, पंचक्रोशीतली ढोरं तेवढ्याच पाण्यावर गोळा होतात आणि म्हशी तर दुपारभर त्यात बसून राहतात. पाणी कमी, शेण-मूत तेवढंच किंवा जास्त. मग नमुन्यात आकडा फुगलेला येतो आणि अहवालावर "उन्हाळ्यामुळे जंतुसंख्येत वाढ" असं वाक्य पडतं. वाढ उष्णतेने झालेली नसते, आटल्यामुळे आणि गर्दीमुळे झालेली असते.

म्हशी पाण्यात शिरल्या की आणखी एक गोष्ट होते, आणि तळ्याच्या बाबतीत मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाळ ढवळला जातो. वरच्या पाण्यात जंतू दिवसांत मरतात, पण तळाच्या गाळात ते आठवडेच्या आठवडे टिकतात. तिथे ऊन पोचत नाही, खायला मिळतं, मातीच्या कणांच्या आड लपायला जागा असते. वरच्या पाण्यापेक्षा गाळातली संख्या दहापट, शंभरपट, कधी हजारपटही भरते. त्यातून आपल्यासारख्या उष्ण मुलखात एक जास्तीचं कोडं आहे. हवाई बेटं आणि पोर्तो रिको इथल्या अभ्यासांत दिसून आलं की उबदार, ओल्या मातीत ई-कोलाय नुसता टिकत नाही, थोडाफार वाढूही शकतो. थंड देशांत ई-कोलाय सापडला म्हणजे ताजी विष्ठा मिसळली, हे गृहीतक बऱ्यापैकी चालतं. खानदेशातल्या मे महिन्यातल्या चिखलाच्या बाबतीत मी तेवढं छातीठोक बोलणार नाही. तरी अहवाल "दूषित" आला तर दूषितच समजायचं. शंकेचा फायदा पाण्याला द्यायचा नसतो.

आता ऊन. ऊन आणि उष्णता लोक एकच धरतात, पण जंतूंना मारण्याचं मोठं काम उन्हातले अतिनील किरण करतात, गरमी नव्हे. पाणी नितळ असेल तर हे किरण खोलवर जातात. आपल्या तळ्यांसारखं गढूळ असेल तर काही इंचांतच थांबतात. म्हणून तोरणमाळच्या यशवंत तलावाचं पाणी शहाद्याच्या सपाटीवरच्या तळ्यापेक्षा थंड असलं तरी तेवढ्यावरून त्यात जंतू जास्त की कमी हे सांगता येत नाही. गढूळपणा किती आणि काठावर वर्दळ किती, हे आधी विचारावं लागतं. उन्हाचा हा गुण वापरून पाणी शुद्ध करण्याची पद्धतही आहे. नितळ पाणी पारदर्शक पेट बाटलीत भरायचं आणि बाटली आडवी करून सहा तास कडक उन्हात ठेवायची, ढगाळ असेल तर दोन दिवस. बाटलीतलं पाणी ५० अंशांच्या पुढे गेलं तर ऊन आणि उष्णता मिळून काम बरंच लवकर होतं. पत्र्यावर बाटली ठेवली तर मे महिन्यात हे आपल्याकडे सहज जमतं. गढूळ पाणी मात्र आधी निवळून, गाळून घ्या, नाहीतर सहा तास वाया.

हिवाळ्याबद्दल लोक बेफिकीर असतात. पाणी थंडगार, वरून स्वच्छ दिसणारं, म्हणजे चांगलं. पण वरचंच गणित सांगतं की जानेवारीत मिसळलेली घाण मे महिन्यापेक्षा अडीचपट जास्त वेळ जिवंत राहते. काविळीचे विषाणू तर थंड पाण्यात जंतूंहूनही चिवट. पौषात कुणी तळ्याचं पाणी प्यायला चांगलं म्हटलं तर ऐकू नका.

आणि खरा धोका कधी म्हणाल, तर मृगाच्या पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस. आठ महिने शिवारात वाळत पडलेली सगळी घाण एका लोंढ्यात तळ्यात उतरते, तळाचा गाळ वर येतो, आभाळ झाकलेलं असल्याने ऊन नाही. नेमक्या याच दिवसांत पाणी थोडं थंड होतं, म्हणून मरण्याचा वेगही उतरतो. हगवणीच्या साथी जून-जुलैत का लागतात, ते इथे कळतं.

याच दिवसांत तळ्यावर एक देखावा दिसतो आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात त्यावरून भांडण होतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी मासे पोट वर करून तरंगतात. "कोणीतरी औषध टाकलं" म्हणून लोक एकमेकांवर जातात, प्रकरण पोलीस पाटलापर्यंत पोचतं. औषध टाकल्याची शक्यता नाकारू नये, पण आधी तापमानाचा हिशेब बघावा. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड. दोन्ही थर मिसळत नाहीत. खालच्या थरात गाळातले जंतू कुजकं खातात आणि प्राणवायू संपवतात. तसंही गरम पाण्यात प्राणवायू कमीच मावतो. २० अंशांना लिटरला साधारण ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. मग थंड पावसाचं पाणी वरून कोसळतं, थर मोडतात, तळाचं निर्जीव पाणी वर येतं आणि पहाटे, जेव्हा प्राणवायू मुळातच सर्वांत कमी असतो, तेव्हा मासे गुदमरतात. काठाला येऊन पृष्ठभागावर तोंड उघडझाप करणारे मासे आदल्या पहाटे दिसले असतील तर कारण बहुधा हेच.

डॉक्टरांच्या म्हणण्यालाही आधार आहे, तो असा. पाणी २५ अंशांच्या पुढे गेलं, वारा पडला आणि कापूस-केळीच्या शेतातून खताचं पाणी उतरलेलं असलं की तळ्यावर किंवा शेततळ्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय धरते. लोक त्याला शेवाळ म्हणतात, पण ते बरेचदा नीलहरित जंतू असतात. त्यांच्या काही जातींचं विष यकृतावर जातं. पाणी उकळलं तर हे जंतू मरतात, विष मात्र तसंच राहतं. अशी साय दिसली तर माणसांनी तर नाहीच, ढोरांनीही ते पाणी पिऊ नये. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूचंही असंच. तो उबदार पाण्यात, बारीक जलकीटकांच्या अंगाला चिकटून टिकतो. बांगलादेशात खेड्यांतल्या बायकांनी जुनी सुती साडी चारपदरी किंवा जास्त घड्या घालून तिच्यातून पाणी गाळलं, तेव्हा पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरलं. २००३ साली हा अभ्यास छापून आला. आपल्याकडे हंड्यावर फडकं बांधायची रीत आजी-पणजीपासून आहे. फडकं जुनं, धुऊन मऊ झालेलं आणि अनेकपदरी असू द्या. नव्या कापडाचे धागे विरळ राहतात.

आता झऱ्यांकडे येतो. साध्या झऱ्याचं तापमान हे माझ्या मते त्याच्या चांगुलपणाची सर्वांत स्वस्त तपासणी आहे. खोलवरून येणारं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं, त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं. म्हणूनच ते जानेवारीत कोमट आणि मे महिन्यात गार लागतं. झऱ्याचं पाणी ऋतूप्रमाणे गार-गरम होत असेल आणि पाऊस पडल्यावर दुसऱ्याच दिवशी गढूळ येत असेल, तर समजा की ते वरवरचं आहे. सातपुड्यात आणि सातमाळ्याच्या अंगाला आपला दगड म्हणजे बेसॉल्ट. पाणी त्याच्या भेगांतून धावतं, वाळूतून गाळलं जावं तसं गाळलं जात नाही. वरच्या अंगाला गुरांचा वाडा असेल तर त्यातलं काही तासांत खाली येऊ शकतं. पाड्यावरची मंडळी नदीच्या वाळूत झिरा उकरतात, तो या बाबतीत उलट बरा, कारण वाळू थोडंफार गाळते. फक्त त्याच्या तोंडाशी ढोरं येऊ देऊ नका. एक साधा थर्मामीटर घ्या आणि शाळेतल्या मुलांकडून महिन्यातून एकदा झऱ्याचं, विहिरीचं आणि तळ्याचं तापमान लिहून घ्या. वर्षभरात विहिरीचा आकडा तळ्याच्या आकड्यामागे पळताना दिसला, तर तळं विहिरीत थेट पाझरतंय असा त्याचा अर्थ.

उनपदेव. चोपडा तालुक्यातल्या अडावदजवळचा एक, शहाद्याकडचा दुसरा. शिवाय सुनपदेव, नजरदेव हेही गरम झरेच. चोपड्याच्या उनपदेवाला शरभंग ऋषींची आणि रामाच्या बाणाची कथा सांगतात. भूगर्भाच्या बाजूने बघितलं तर नर्मदा-तापीच्या पट्ट्यात जमिनीला खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यातून खूप खाली जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. जिवंत ज्वालामुखीचा काही संबंध नाही.

"गरम म्हणजे निर्जंतुक" हे कुठल्या तापमानाला खरं ठरतं ते बघा. ४५ अंशांपर्यंत नुसत्या उष्णतेने पोटातले जंतू मरत नाहीत, खायला असेल तर उलट सुखात असतात. प्रयोगशाळेत आम्ही विष्ठेतले कोलिफॉर्म (ई-कोलाय ज्यात येतो तो पोटातल्या जंतूंचा गट) वेगळे काढायला नमुना मुद्दाम ४४-४४.५ अंशांना उबवतो, कारण तेवढ्या ऊबेत ते आरामात वाढतात आणि बाकीचे मागे पडतात. ५० ते ५५ अंशांना मरायला वेळ लागतो. ६० ते ६५ ला काही मिनिटांत काम होतं, ७० ला मिनिटाच्या आत. तेव्हा एखाद्या झऱ्याच्या तोंडाशी पाणी साठच्या वर असेल तर तिथलं पाणी पोटातल्या जंतूंपासून मोकळं असू शकेल. तिथेही जीव असतातच, फक्त वेगळे. अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यात १९६६ साली सापडलेल्या अशाच एका जंतूचं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर तपासणीत वापरलं गेलं. करोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली त्यामागे तोही होता.

पण आपण पाणी झऱ्याच्या तोंडाशी घेत नाही, कुंडात घेतो. गोमुखातून पडलेलं पाणी कुंडात येईपर्यंत चाळिशीच्या आसपास उतरतं, आणि त्यात अंघोळीला माणसं उतरतात, त्वचेचे आजार घेऊन तर मुद्दाम उतरतात. उबदार पाणी, साबण, तेल, अंगावरचा मळ. जंतू वाढवायला याहून चांगली सोय प्रयोगशाळेत मी करू शकत नाही. बाहेर अंघोळ करण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे १०० मिलिलिटरला विष्ठेतले कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, फार तर २,५०० चालतील, असा निकष आहे. वाहतं गोमुख तो सहज पाळेल. गर्दीच्या दिवशी संध्याकाळचं कुंड पाळेल याची मी खात्री देणार नाही. म्हणून अंघोळ धारेखाली करा. डुबकी मारून नाकात पाणी घेऊ नका, मुलांना तर अजिबात नाही. उबदार गोड्या पाण्यात, अगदी ४६ अंशांपर्यंत, नाकातून मेंदूत शिरणारा एक अमीबा जगतो. रोग अतिशय दुर्मीळ, पण झाला तर वाचणारे फार थोडे. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूच्या अशा अमीबाजन्य आजाराचे रुग्ण सापडले.

आणि प्यायला नको, हे जंतूंमुळेच नव्हे. गरम पाणी दगडातून जास्त क्षार ओढून आणतं आणि गरम झऱ्यांत फ्लोराइड जास्त असणं देशभर नेहमीचं आहे. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. ते तपासल्याशिवाय तीर्थ म्हणून ओंजळभर ठीक, हंडा भरून नको.

तपासणीबद्दल दोन गोष्टी, कारण तापमान अहवालही फिरवतं. मे महिन्यात दुपारी दोनला, काठावरून, पृष्ठभागाचं पाणी घेतलं तर सकाळभरच्या उन्हाने मारलेल्या जंतूंमुळे आकडा चांगला येतो. सकाळी सातला, काठापासून आत, फूटभर खालून घ्या. निर्जंतुक बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा. नमुना मोटारसायकलच्या डिकीत घालून दुपारच्या उन्हात तालुक्याला नेला तर पोचेल ते वेगळंच पाणी असतं. हिवाळ्यात ग्रामपंचायतीकडच्या एच-टू-एस बाटलीची, म्हणजे पाणी दूषित असेल तर काळी पडणाऱ्या तपासणीच्या बाटलीची, चूक उलटी होते. ती बाटली काळी पडायला ऊब लागते. डिसेंबरात थंडगार खोलीच्या फळीवर ठेवली तर दूषित पाणीही चोवीस तासांत काळं पडत नाही आणि जलसुरक्षक "पाणी योग्य" लिहून मोकळा होतो. स्वयंपाकघरात उबदार कोपऱ्यात ठेवा आणि पूर्ण अठ्ठेचाळीस तास वाट बघा.

आता तुमच्या विहिरीचं. तळ्याचं पाणी थेट प्यायचंच नाही, विहिरीला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला २.५ ग्रॅम, बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन वरची निवळी विहिरीत सोडायची. ही रात्री, उपसा थांबल्यावर सोडा, कारण उघड्या विहिरीतला क्लोरीन दिवसा उन्हाने उडतो. गरम पाण्यात क्लोरीन जंतू लवकर मारतो, पण संपतोही लवकर. जानेवारीत जेवढ्या मात्रेत शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून दाखवणाऱ्या) पिवळा रंग येतो, तेवढ्याच मात्रेत मे महिन्यात रंग येणार नाही. मात्रा ठरलेली म्हणून तीच टाकत राहू नका, शेवटच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतोय का ते बघून वाढवा. पावडरीची गोणी पत्र्याच्या खोलीत पडली असेल तर ती आधी हलवा. आपल्या उन्हाळ्यात उघड्या गोणीतली पावडर दोन महिन्यांत नुसता चुना होते, आणि मग सगळे नियम पाळूनही पाणी कच्चंच राहतं. गोणी घट्ट बांधून, अंधाऱ्या गार जागी, जमिनीपासून वर फळीवर ठेवायला सांगा ग्रामसेवकांना.